शब्दकोड्यासाठी एक लाइन

१९९८ साली मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला आले. इंदिरानगरमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटरनेट असलेला संगणक एकच होता आणि तो टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या टेबलाशेजारी ठेवला होता. ऑफिसला फोनच्या लाइनी दोन. एक इंटरनेटला दिली की फोनसाठी एकच उरायची, म्हणून बाईंना विचारल्याशिवाय इंटरनेट लावायचं नाही असा नियम होता.

बाई पन्नाशीच्या, बसवनगुडीच्या. घर मराठी, पण चार पिढ्या इथेच गेलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "स्वल्प बस की इथं. मराठीत बोलायला ऑफिसात कोण नाही मला."

मला तेव्हा एका वेबसाइटवरच्या रोजच्या कोड्याचा नाद लागला होता. मोठ्या चौकोनात इंग्रजी अक्षरं विखुरलेली आणि त्यांत बारा शब्द आडवे, उभे, तिरपे, उलटे दडलेले. शब्दांची यादी नाही, नुसते संकेत. जेवणाच्या सुट्टीत अक्का पाच मिनिटं लाइन द्यायच्या. मी कोडं छापून घ्यायचे आणि डबा खाता खाता सोडवायचे.

एकदा एका शब्दाने फार छळलं. संकेतावरून तो दीपगृहाला इंग्रजीत म्हणतात तो, हे कळत होतं, पण चौकोनात काही सापडेना. समोर बसलेल्या अक्कांना कागद उलटा दिसत होता. त्यांनी चपातीचा तुकडा खाली ठेवला आणि करंगळी टेकवली.

"हे बघ. खालून वर, तिरपं."

"अक्का, कसं दिसलं तुम्हाला?"

"तीस वर्षं डिरेक्टरी चाळतेय. डोळ्यांना आणि काय काम?"

त्या दिवसापासून संकेत ओळखायचे मी आणि शब्द शोधायच्या त्या, अशी वाटणी झाली.

एका दुपारी पान उतरायला फार वेळ लागत होता. "आणखी दोन मिनिटं," असं मी तीनदा म्हणाले, आणि अक्का तीनदा "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या लाइनवर आमचे सर घरी बोलत होते. परदेशातल्या ग्राहकाला वीस मिनिटं फोन लागला नाही. सर बाहेर आले आणि लाइन कोणी अडवली म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "मी दिली सर. कोडं आमचं दोघींचं आहे."

सुट्टीतलं इंटरनेट बंद झालं. तीस वर्षांच्या नोकरीत अक्कांना कोणी बोल लावला नव्हता, हे मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी मी माफी मागायला गेले.

"माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं तुम्हाला."

"नको म्हणायला मला तोंड नव्हतं काय?" त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी डब्याबरोबर त्यांनी आलेखाचा कागद काढला. मराठी कोडं, त्यांनी स्वतः बनवलेलं. एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट. खाली पेन्सिलीने आठ संकेत. सात मी पटापट सोडवले. आठवा होता: 'सकाळी हे नसेल तर डोकं चालत नाही.' मी चहा शोधत बसले. आडवा, उभा, उलटा, कुठेच चहा नव्हता.

"कापी," अक्का शेवटी म्हणाल्या. "दोन घरं. कोपऱ्यात."

"मराठीत कॉफी म्हणतात."

"आमच्या मराठीत कापी."

यावर आम्ही सुट्टी संपेपर्यंत भांडलो आणि मी हरले. पुढच्या कोड्यात मी त्यांना 'खमंग काकडी' शोधायला लावली. त्यांच्या घरी तिला कोशिंबरी म्हणत, त्यामुळे त्यांनी दोन दिवस घेतले.

वर्षभराने सगळ्यांच्या टेबलांवर इंटरनेट आलं. वेबसाइटवरचं कोडं मी आठवडाभर एकटीने सोडवून पाहिलं, मग सोडून दिलं. आलेखाच्या कागदांची वही मात्र अक्का निवृत्त होईपर्यंत आमच्या दोन टेबलांमध्ये जात-येत राहिली.