मी गप्प केलेला इशारा

ज्या माणसाशी मी दोन वर्षं जवळजवळ रोज फोनवर बोलत होते, त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात. आवाजावरून मी त्यांना उंच, धिप्पाड धरून चालले होते. खाटेवर होता तो एक लहानखुरा म्हातारा. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. उजवा हात चादरीवर असा पडला होता की तो त्यांचा नव्हेच, कुणीतरी तिथं आणून ठेवलाय.

मी त्यांना मामा म्हणायचे. ते मला अक्का म्हणायचे. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची होते आणि ते साठीच्या पुढचे. पण तरुणपणी ते कर्नाटकातून इचलकरंजीला मागावर कामाला आले होते आणि तिकडच्या रीतीप्रमाणे कुठल्याही बाईला अक्काच म्हणत.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगच्या दिवसांतली. मी डिप्लोमा करून शाहूपुरीतल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत लागले होते. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, त्यात आम्ही चौघं. आमची एक फायबर केबल इचलकरंजीला जायची आणि तिथं एका यंत्रमागाच्या शेडमागं असलेल्या खोलीत उतरायची. खोलीत भिंतीला लावलेला स्विच, म्हणजे लाईनी वाटून देणारी पेटी, खाली जमिनीवर तिला वीज पुरवणारा बॅटरीचा यूपीएस, एक टेबल आणि टेबलावर फोन. तिथून पुढं गावातल्या सूतव्यापाऱ्यांना, कापड रंगवणाऱ्या दोन प्रोसेसवाल्यांना आणि एका पतसंस्थेला लाईन गेली होती. ती खोली सांभाळायला मामा होते. तीस वर्षं माग चालवून कान अर्धे गेले होते, म्हणून फोनवर ते ओरडूनच बोलत.

एके वर्षी आमच्याकडं नवे स्विच आले. त्यांच्यात लाईनच्या तब्येतीवर नजर ठेवायची सोय होती. आमच्या सरांनी जाडजूड पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "हे तू बघ. मला वेळ नाही."

मी बघितलं. केबलमधून जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते. त्यातले काही तुकडे वाटेत बिघडतात. एका सेकंदाला किती बिघडले की मला कळवायचं, हा आकडा आपण ठरवायचा. दोन्ही टोकांच्या स्विचला तसं सांगून ठेवायचं, म्हणजे दोघं एकमेकांची विचारपूस करत राहतात. पहिल्या दिवशी मी आकडा इतका कमी ठेवला की स्क्रीनवर इशाऱ्यांची रांग लागली. सर म्हणाले, "हे यंत्र आहे की किरकिरं पोर?" मग आकडा वाढवला, पुन्हा कमी केला, आठवडाभर तेच करत बसले. शेवटी जमलं.

त्या पुस्तकात एक भाग होता, तो मी दोनदा वाचला. पलीकडच्या स्विचची वीज गेली तर बंद पडायच्या आधी, अंगात उरलेल्या थोड्याशा विजेवर, तो एक शेवटचा निरोप पाठवतो. इंग्रजीत त्याला 'डाईंग गॅस्प' म्हणतात. मी मामांना फोन लावून सांगितलं.

"मामा, ह्या नव्या मशीनची वीज गेली की मरताना ते मला एक हाक मारतंय."

"व्हय? मग माणसापरास शानं हाय की."

"चालतंय का बघायचं आहे. यूपीएसमधनं त्याची पिन काढा बघू."

खाली वाकल्याचा आवाज, खोकला, मग, "काढली." माझ्या स्क्रीनवर ओळ आली. मी म्हटलं, "आला निरोप." मामांना इतकी गंमत वाटली की त्यांनी पिन लावून, स्विच पुन्हा चालू होईपर्यंत थांबून, ती आणखी एकदा काढली. "आत्ता?" "आला." "लई भारी हाय अक्का."

नंतर मात्र त्या निरोपांचा मला वैताग यायला लागला. यूपीएस जुना होता, पिन सैल बसायची. शेडमधल्या मागांच्या हादऱ्यानं ती हलायची आणि आठवड्यातून दोन-तीनदा इशारा यायचा. मी फोन करायचे, मामा पिन दाबून बसवायचे, झालं. नवा यूपीएस मागवायचं मी सरांना सांगत होते आणि सर "बघू" म्हणत होते.

तो मंगळवार होता. सकाळी अकराच्या पुढं इचलकरंजीचा इशारा आला. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याची नवी लाईन चालू करत होते आणि तिथला इंजिनियर फोनवर होता. तीन-चार मिनिटांत इचलकरंजी परत जिवंत झाली. मी मनात म्हटलं, पिन. थोड्या वेळानं पुन्हा तोच निरोप. पुन्हा लाईन परत. कागलचा इंजिनियर म्हणत होता, "मॅडम, लक्ष आहे ना?" मी एक ओळ टाईप केली आणि त्या लाईनचे इशारे स्क्रीनवर येणं बंद करून टाकलं. दुपारी जेवण झाल्यावर बघू, असं ठरवलं.

अर्ध्या तासानं पतसंस्थेतून फोन आला. तिथले कारकून म्हणाले, "ताई, सगळं बंद पडलंय हो. माणसं खोळंबल्यात." मी बघितलं तर इचलकरंजी पूर्ण मेलेली. मला मामांचा राग आला. खरं सांगते, चिंता वाटली नाही, रागच आला. सैल पिन एकदा दोरीनं बांधून टाका म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं. काय बोलायचं ते मनात ठरवूनच मी फोन लावला.

घंटा वाजत राहिली. मामा कधी दोन घंटांच्या पुढं जाऊ देत नसत. कान अधू होते म्हणून फोन शेजारीच घेऊन बसत. मी परत लावला. परत पूर्ण वाजला.

मग मी शेडच्या मालकांना फोन लावला. त्यांचा फोन पुढच्या बाजूला, मागांच्या अगदी जवळ असायचा. त्या खडखडाटात ते ओरडले, "कोण बोलतंय?"

"कोल्हापूरहून, इंटरनेटवाली. जरा मागं जाऊन मामांना सांगा की, पिन नीट बसवा म्हणावं. फोन उचलत नाहीत."

"थांबा, बघतो." त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. मी कानाला लावून बसले. नुसता मागांचा आवाज. इतका मोठा की मी रिसीव्हर थोडा लांब धरला.

मग एक माग थांबला. मला आधी कळलंच नाही. आवाज जरा पातळ झाला एवढंच. मग दुसरा थांबला, तिसरा. एकेक करत सगळे माग बंद होत गेले आणि शेवटी फोनमधून काहीच ऐकू येईना. भर दुपारी इचलकरंजीतली शेड गप्प झाली होती. मी उठून उभी राहिले. लांबून कुणीतरी म्हणालं, "रिक्षा आणा, रिक्षा." मी रिसीव्हर धरून तशीच उभी होते. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी हातानंच त्यांना थांबवलं.

बऱ्याच वेळानं मालकांनी फोन उचलला. "मामा पडल्यात. तोंड वाकडं झालंय. कोल्हापूरला आणाय लागलोय," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. मामांच्या उशाशी त्यांची बायको बसली होती. मी कोण ते सांगितलं. मामांनी मला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ऐकल्याबरोबर त्यांचे डोळे माझ्याकडं वळले. बोलायला गेले, तर तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. मग त्यांनी डावा हात उचलला. मूठ वळली आणि हवेत काहीतरी ओढल्यासारखं केलं. थांबले. पुन्हा ओढलं. पुन्हा थांबले, पुन्हा ओढलं. आणि बोट माझ्याकडं केलं.

मामी म्हणाल्या, "काल शुद्धीवर आल्यापास्नं हेच कराय लागल्यात. आमाला काय कळंना झालंय. पोरगं म्हणतंय, दोर ओढत्यात. डाक्टर म्हणत्यात, लकव्यानं डोक्याला मार बसलाय, करू देत."

मला कळलं होतं. मी खाटेची दांडी घट्ट धरली.

ते खोलीत पडले तेव्हा उजवं अंग गेलं होतं. फोन टेबलावर, हात पोचत नव्हता. ओरडावं तर वाचा गेलेली, आणि वाचा असती तरी त्या खडखडाटात भिंतीपलीकडं कुणाला ऐकू जाणार? जमिनीवर हाताशी होता तो फक्त यूपीएस. त्यांनी डाव्या हातानं पिन ओढली. मग ती परत बसवली. एका हातानं, जमिनीवर पडून, कशी बसवली असेल कोण जाणे. स्विच चालू होईपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा ओढली. ते मला हाका मारत होते.

मामींना मी ते समजावून सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू वळखलंस म्हणून वाचले गं पोरी." मामांनी मान हलवली. मी हात सोडवून घेतला.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर भेटले. मी विचारलं, "अर्धा तास आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता?" त्यांना माझ्या विचारण्यामागचं काही ठाऊक नव्हतं. चालता चालता ते म्हणाले, "अशा केसमध्ये अर्धा तास म्हणजे पुष्कळ झाला."

तिथून मी सरळ ऑफिसला आले आणि नोंदी उघडल्या. स्क्रीनवर इशारे येणं मी थांबवलं होतं, पण आत नोंद होतच होती. अकरा वाजून आठ मिनिटांनी पहिला निरोप. सतराला दुसरा. सव्विसाला तिसरा, आणि त्यानंतर काही नाही. तिसऱ्यांदा पिन त्यांना परत बसवता आली नसावी. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, अकरा एकवीसला, माझ्या लॉगिनपुढं माझी ओळ होती. इशारे बंद. तिसऱ्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी ऐकायचंच थांबवलं होतं. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मीच टाईप केलेली अक्षरं होती, आणि कुणा दुसऱ्याची वाटत होती. मी फोन केला होता तो बावन्नला, तोही भांडायला.

सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून त्या वेळा वाचल्या. मग म्हणाले, "मी असतो तर पहिल्याच इशाऱ्याला बंद केलं असतं." यूपीएसचं त्यांच्याही मनात आलं असणार, कारण त्याच संध्याकाळी नवा यूपीएस मागवला गेला.

मामा दीड महिन्यानं घरी गेले. पाय ओढत चालू लागले, शब्द तुटक का होईना फुटू लागले. उजवा हात मात्र आला नाही. इचलकरंजीत गोष्ट पसरली होती. कोल्हापुरात बसलेल्या अक्कानं पिनेवरून वळखलं, असं मामा येईल त्याला सांगत. मी भेटायला गेले की शेजारपाजारची माणसं मला बघायला येत. एकजण तर म्हणाले, "पावणं, देवासारख्या धावलासा." मला तिथं बसवेना.

चौथ्या खेपेला मी सांगून टाकलं. मामी चहा घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, मी ओळखलं नव्हतं. तुम्ही दोनदा पिन ओढलीत, मला वाटलं सैल आहे. मी इशारे बंद करून ठेवले. नंतर फोन केला तो तुम्हाला बोल लावायला."

मामा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ऐकू आलं की नाही असं वाटून मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात ते एकेक शब्द काढत म्हणाले, "फोन... केलासा... न्हवं?"

"केला."

"मग... झालं."

मामी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून आत गेल्या, आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. दारातून मी "येते मामी" म्हटलं आणि चपला घातल्या. मी काही महिने तिकडं गेले नाही.

पुढच्या वर्षी ते दोघं तपासणीसाठी कोल्हापूरला आले होते. काही न कळवता ऑफिसात आले. दोन जिने मामा मामींच्या खांद्यावर हात टाकून चढले होते. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मामी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "ह्यांनी वडल्यालं तुला कशात दिसलं, ते दाव."

त्या दिवसाच्या नोंदी मी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या उघडल्या आणि तीन ओळींवर बोट ठेवून दाखवल्या. मामींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी तिन्ही ओळी नीट बघून घेतल्या. मग विचारलं, "आन् तू बंद केल्यालं?"

मी तीही ओळ दाखवली.

त्या स्क्रीनजवळ वाकल्या. "एवढंसंच हाय की," म्हणाल्या. मग पदरानं मामांच्या तोंडाच्या कडेची लाळ पुसली आणि मला विचारलं, "दीडची गाडी घावंल का गं? ह्यांस्नी बसाय जागा मिळाय पायजे."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. खिडकीजवळची जागा मिळाली.