बाळंतिणीची खोली

नोएडाच्या नव्या सेक्टरात आम्हाला फ्लॅट मिळाला तेव्हा भिंतींच्या रंगाचा वासही गेला नव्हता. बिल्डरने कच्चं लाकूड वापरलेलं. पहिल्याच हिवाळ्यात चौकटी आकसल्या आणि खिडक्यांभोवती फटी पडल्या. त्यातच माझी मुलगी जन्मली, वेळेआधी, मूठभर. थंडीपासून हिला जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं. कारखान्यातून आला की उदबत्ती पेटवून तो खिडक्यांपुढे फिरवायचा. धूर वाकला की तिथे फट. मग आत कापूस, वरून लांबीचा लेप. पंख्याच्या झरोक्यावर पुठ्ठा, दाराखाली जुनं कांबळं. शेवटी धूर सरळ वर जायला लागला, तेव्हा म्हणाला, "आता बिल्कुल हवा येणार नाही." त्याला शाबासकी हवी होती. मी दिली.

बाळंतपणाला आई साताऱ्याहून आली होती. बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी द्यायची, ही तिची रीत. तिच्या घरी धूर कौलांतून निघून जायचा. त्या दिवशी गारठा फार होता, म्हणून धुरी झाल्यावरही तिने शेगडी माझ्या खाटेखाली शेकाला ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

माझं डोकं ठणकायला लागलं. ओल्या बाळंतिणीचं दुखायचंच, असं आई म्हणाली. धुरीला रोज आकांत करणारी पोर निपचित पडली होती.

"बघ, आज कशी शहाण्यासारखी झोपलीय."

मला उठायचं होतं, पण पाय उचलेनात.

नवरा दुपारी जेवायला घरी आला म्हणून आम्ही वाचलो. त्याने दारं-खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर काढली आणि पोरीला घेऊन बाल्कनीत उभा राहिला. ती रडली तेव्हा तोही रडला. डॉक्टरांकडून आल्यावर लांबी खरवडत बसला. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. मायेपोटीच केलं होतं त्यांनी, म्हणून तो काढायचा तरी कुणावर?

आईने त्यानंतर बाळाला कधी न्हाऊ घातलं नाही. मी पुढे केलं की हात मागे घ्यायची, "तूच घे" म्हणायची. परत निघाली त्या दिवशी रिक्षा खाली थांबली होती. आई पाळण्यापाशी वाकली आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरून उभी राहिली. बोटाला श्वास लागला, तेव्हा कुठे तिने पिशवी उचलली.