काउंटरवरच्या कॅप्सूल

पार्लरवाल्या ताईचा हात हलका होता. दातात दोरा धरून ती बायकांच्या भुवया, ओठ, हनुवटी झरझर साफ करी आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की आरशाला नाक लावून स्वतःची हनुवटी. लग्नाच्या आधीपासून तिला पीसीओएसचा, म्हणजे बीजकोशातल्या गाठींचा, त्रास होता. त्यानंच हनुवटीवर राठ केस येत. पाळीचं काही खरं नसे. मूल झालं नाही. त्यावर बोलून बोलून घरचेही थकले आणि गप्प बसले.

धाकट्या जावेनं अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल विकायला घेतल्या, तेव्हा पहिली बाटली ताईच्याच हातात ठेवली. "आतला गंज निघतो, ताई. पाळी सुरळीत होते की नाही बघाच."

जावेचं मन मोडायला नको म्हणून ताईनं त्या सुरू केल्या. पाळी खरंच आली. पुढच्या महिन्यातही आली. जाऊ हवेतच तरंगू लागली. बाटल्या पार्लरच्या काउंटरवर येऊन बसल्या आणि कोणी विचारलं की ताई सांगे, "मला गुण आला बाई, खोटं कशाला बोलू?"

बँकेत काम करणाऱ्या एका मुलीनं ते ऐकलं. तिचंही दुखणं तेच. तिनं बाटली नेली, मग दुसरी नेली. एके दिवशी ती खुर्चीत बसली ती मान मागे टाकूनच. चेहरा पांढराफटक.

"आधी येतच नव्हती, आता थांबत नाहीये," ती म्हणाली.

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?"

"त्या सोडल्या. तुम्हाला याच कॅप्सूलनी गुण आला ना?"

ताईच्या हातातला दोरा तसाच राहिला. तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि मुलीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, रक्तस्राव थांबवायचं औषध दिलं. गोळ्या मध्येच सोडल्या की असं होऊ शकतं, म्हणाल्या. मुलगी आडवी झाल्यावर ताईनं दबकत विचारलं, "मग मला त्या कॅप्सूलनी कसा फायदा झाला?"

"काही बायकांना थोडा होतो. पण अजून खात्रीनं सांगता येत नाही. औषधाच्या जागी तर घ्यायच्याच नाहीत. तेव्हा तुमचं आणखी काही बदललं होतं का?"

ताई विचारात पडली. घराजवळची बस बंद झाल्यापासून ती पार्लरला चालतच जात-येत होती. कपडेही सैल झाले होते.

"मग पाळी चालण्यानं आली म्हणायची?"

"तेही छातीठोक नाही सांगता येणार."

बाटल्या परत गेल्या. "माझ्या पोटावर पाय देताय," जाऊ म्हणाली आणि बरेच दिवस शेजारी जेवायला बसूनही बोलली नाही. मुलगी सावरली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

ताई अजून चालत जाते. पाळी कधी वेळेवर येते, कधी हुलकावणी देते. कुणाच्या हनुवटीवर राठ केस दिसले की ती हळूच म्हणते, "पाळी नीट येते ना? नसेल तर एकदा दाखवून या." काहीजणींना ते झोंबतं. दोघी-तिघी पुन्हा फिरकल्याच नाहीत.