वरातीच्या वेगानं

मानोऱ्याजवळच्या तांड्यातला बादल शेलूबाजारला दुसऱ्याच्या गॅरेजात जीप दुरुस्त करायचा. त्यावर घर चालत नसे, म्हणून दसरा झाला की तो बायको शीलासोबत ऊसतोडीला जायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झाल्यापासून एकही वर्ष ते चुकलं नव्हतं.

यंदा चुकेल असं वाटत होतं. व्यापारी पूनमचंद शेठांच्या मुलाला, संयमला, स्वतःच्या वरातीसाठी बिनछताची स्पोर्ट्स कार हवी होती, तीही इथेच घडवलेली. शेठजी बादलला म्हणाले, "गाडी वरातीत न अटकता मांडवापावतर गेली, त हायवेवरचं टिनाचं शेड तुले. टाक आपलं गॅरेज."

सांगाडा जमला, अपघातातल्या कारचं इंजिनही बसलं. छळलं ते इंजिन थंड ठेवण्याच्या कामानं. जीपमध्ये रेडिएटर इंजिनाच्या पुढ्यातच असतो. इथे इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पार नाकात आणि मधले पाइप गाडीच्या पोटाखालून गेलेले. पुढून पाणी भरलं की हवा इंजिनाच्या माथ्यावर कोंडून राहायची आणि तापमानाचा काटा भराभर चढायचा. शेवटी बादलने दोन्ही सीटच्या मागे, सगळ्यात उंच जागी, वेगळी टाकी बसवली. भरायचं तिथून, हवाही तिथूनच बाहेर. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात, म्हणून त्यात पाण्याऐवजी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं तयार द्रावणच घातलं.

जऊळक्याच्या रस्त्यावर गाडी पळवली तेव्हा काटा मधेच राहिला. पण बादलला धास्ती होती ती वरातीची. पळत्या गाडीला वारा मिळतो. वरातीतली गाडी माणसाच्या पावलानं चालते. त्याने रेडिएटरमागे मोठा पंखा जोडला आणि भर उन्हात तांड्याच्या रस्त्यावर शीलाला पुढे चालायला लावून मागून गाडी हाकली.

"या नवरदेव, लवकर या," ती वळून म्हणाली. "नवरी म्हातारी होऊन राह्यली!"

बादल हसला. काटा जागचा हलला नव्हता.

लग्नाच्या दिवशी त्याने फुलवाल्याला बजावलं होतं, गाडीचं तोंड झाकू नको. फुलवाल्याने ते मोकळं ठेवलंही. पण संयमची आई प्रेमाबाई ओवाळायला आल्या आणि थबकल्या.

"समोरून बोडकी काहून ठेवली रे गाडी?"

"बाईजी, तिथूनच हवा घेते ते. झाकलं त तापते."

"माह्या पोराची वरात हाय का तुह्या इंजिनाची?"

बायका हसल्या. झेंडूची दाट झालर नाकावर बांधली गेली, तिच्यावर कुंकू पडलं. आता पूजेच्या फुलांना हात लावायची बादलची हिंमत होईना.

वरात बाजारात शिरली. गाडी बादल चालवत होता, शेजारी शेरवानीतला संयम. पुढे डीजे आणि नाचणारी गर्दी. पंखा जोरात घोंगावत होता, पण ओढायला हवाच नव्हती. काटा लाल पट्ट्याकडे सरकला.

"संयमभाऊ, उतरून फुलं काढू का?"

"आई पाहून राह्यली ना. चौक जाऊ दे."

चौक यायच्या आत काटा लाल पट्ट्यात गेला. बादलने इंजिन बंद केलं. डीजे वाजतच होता. गाडी थांबल्याचं फक्त मागच्यांना कळलं.

मागच्यांत शीलाचा भाऊ गुलाबसिंग होता. तो दुसऱ्याची जीप चालवायचा. जुनी जीप तापली की ओलं फडकं टाकून झाकण फिरवायचं, पाणी ओतायचं आणि निघायचं, या रस्त्यावर सगळे हेच करतात. तो बाटली घेऊन धावत आला.

"दाजी, तुमी बसा! मी टाकतो पाणी!"

"गुलाब्या, हात नोको लावू! आत वाफ कोंडून हाय!"

डीजेपुढे त्याला काही ऐकू गेलं नाही. झाकण अर्धं फिरलं. टाकी संयमच्या मानेमागेच होती. बादलने वळून उजव्या हाताने झाकण दाबलं. उकळतं कूलंट त्याच्या बोटांमधून कोपरापर्यंत आलं. झाकण पुन्हा घट्ट बसेपर्यंत त्याने हात काढला नाही.

संयमच्या शेरवानीवर चार थेंब उडाले. त्याला दुसऱ्या गाडीत बसवून वरात पुढे गेली.

शेठजी दवाखान्यात फळं घेऊन आले. "पोरगं वाचवलं तू," म्हणाले आणि बराच वेळ बसले. शेडचा विषय त्यांनी काढला नाही. गाडी अटकली होती, म्हणून बादलनेही विचारलं नाही.

दसऱ्यानंतर मुकादम तांड्यावर आला. बादलचा हात पाहून म्हणाला, "मूठ वळ."

कातडी आखडली होती. बोटं अर्ध्यातच थांबली.

"ह्या हातानं कोयता कसा धरशीन, गड्या?"

गुलाबसिंग पुढे झाला. जीप त्याने मालकाला परत दिली होती. "बाईसोबत मी येतो," तो म्हणाला.

शीलाने भावाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. "भाऊ-बहिणीचा एक कोयता धरा," ती मुकादमाला म्हणाली.

"अन् मी?" बादलने विचारलं.

"तू कायले? खाणारं तोंड वाढवू काय?" मुकादम म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.

ट्रक आल्यावर शीला वर चढली. बादल डाव्या हाताने एकेक गाठोडं उचलून तिला देत राहिला.