ऑगस्टचे तीन घोट

काआसापा गावच्या बाजारात सातुर्निनाच्या पाटीवरून मुकाट्यानं पुढे जायची कुणाची टाप नव्हती. बाई जडीबुटी विकायची, पण औषधाआधी चार शब्द ऐकून घ्यावे लागत. "पोट दुखतंय? मग काल लग्नात एवढं चापलंस कशाला, मेल्या?" असं म्हणत ती पाला निवडून द्यायची आणि लोक हसत घेऊन जायचे. नवरा तरणाताठा असतानाच गेला होता. याच पाटीवर तिनं दोन लेकरं वाढवली, थोरला क्रिसांतो आणि धाकटी लिदू.

तिचा खरा मान एक ऑगस्टला. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, वाईटच. थंडी हाडांत शिरते आणि दुबळी माणसं याच महिन्यात जातात. म्हणून एक तारखेला सकाळी उपाशीपोटी कार्रुलिम घ्यायचं. उसाच्या दारूत सताप आणि लिंबू मुरवलेलं, मोजून तीन घोट. त्याला कुणी दारू म्हटलं तर सातुर्निना अंगावर धावून जायची. ते औषध! अर्धा बाजार तिच्याच हातचं घ्यायचा.

घेतलं नाही ते तिच्या पोटच्या पोरानं. क्रिसांतो गवंडीकामाला ब्युनोस आयर्सला गेला, तिथं एका प्रार्थनामंडळात रमला आणि दारू सोडली. चार वर्षांपूर्वी ऑगस्टात घरी आला, तेव्हा भरल्या अंगणात त्यानं आईनं पुढे केलेला पेला परत केला.

"आई, मी हे आता घेत नाही."

"माझ्या हातचं नको, तर माझं दारही नको तुला!"

तो त्याच दिवशी निघून गेला. मग याचा फोन नाही आणि तिचाही नाही. हट्टाला दोघंही सारखीच.

आणि यंदा लिदूच्या हृदयाची झडप बिघडली. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सातुर्निना तिला बसमध्ये घालून सरहद्दीपलीकडे नेमकी ब्युनोस आयर्सलाच घेऊन आली. तिची गाववाली मैत्रीण पेत्रोना तिथं आपल्याच लोकांच्या वस्तीत राहायची. लिदू हॉस्पिटलात आणि आई पेत्रोनाच्या खोलीत, असं चाललं होतं.

"आई, दादाला कळव ना गं," लिदू खाटेवरून म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस."

लिदूला दोन वाक्यं बोलली तरी धाप लागत होती.

शस्त्रक्रिया दोन ऑगस्टला ठरली, पण हॉस्पिटलची अट होती. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात जणांनी रक्त द्यायचं, नाहीतर जागा दुसऱ्या रोग्याला. पुढची पाळी कधी येईल सांगता येणार नाही, आणि झडप तोवर दम धरणार नाही, हे डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं. परमुलखात सात माणसं आणायची कुठून? पेत्रोना म्हणाली, "का, आपली माणसं मेली का सगळी?" गल्लीतले गवंडी लगेच तयार झाले. त्यांचा म्होरक्या बेनिग्नो म्हणाला, "काकू, रक्तच मागताय ना? सुट्टी मागितली असती तर विचार करावा लागला असता."

सातुर्निनाचा ऊर भरून आला. या पोरांचं ती काय भलं करणार? जे येत होतं ते केलं. पेत्रोनाच्या कुंडीतली सताप खुडली, बाटली मुरवली आणि एक तारखेला उजाडताच गल्लीच्या तोंडाशी उभी राहून साती जणांना स्वतःच्या हातानं तीन-तीन घोट पाजले. दर पेल्याला ती लिदूचं नाव घेत होती.

रक्तपेढीतली चष्मेवाली बाई एकेकाला विचारू लागली. झोप झाली का? ताप होता का? कालपासून दारू घेतली का?

"छे हो!" बेनिग्नो छाती काढून म्हणाला.

बाईनं नाक पुढे केलं. "मग हा वास कसला?"

"ते? ते औषध. कार्रुलिम."

बाईनं कपाळाला हात लावला. "अहो, मी पण सकाळी घेऊनच आलेय, मला सांगता? आज कुणाचंच चालणार नाही. दारू ती दारूच."

साती जण माना खाली घालून बाहेर आले. सातुर्निना भिंतीला टेकून मटकन खाली बसली. "मीच मारली गं तिला, पेत्रोना. माझ्या हातांनी मारली."

"रडू नकोस. दुसरे बघू."

कोण दुसरे? सगळी वस्ती सकाळपासून तीन घोट घेऊन बसलेली. कोपऱ्यावरचा बोलिव्हियाचा भाजीवाला? त्यांच्यातही याच दिवशी धरणीमायला पाजतात आणि स्वतःही पितात. पेत्रोना ज्याला फोन करी, तो खदखदून हसे आणि मग ओशाळे. दुपार झाली. शेवटी पेत्रोना फोन खाली ठेवून म्हणाली, "आजच्या दिवशी तोंड कोरडं असलेला एकच माणूस मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे."

सातुर्निनानं हात पुढे केला. "दे इकडे. नंबर तूच लाव, मला दिसत नाहीये."

घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला.

"कोण?"

"मी."

पलीकडे विटा उतरवल्याचा आवाज येत होता.

"लिदू इथं आहे. तिचं हृदय..." मग बांध फुटल्यासारखं तिनं सगळं सांगितलं, कार्रुलिमसकट.

"कुठलं हॉस्पिटल?" त्यानं विचारलं आणि ऐकून फोन ठेवला. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

रक्तपेढी पाचला बंद होणार होती. सातुर्निना दारात जाऊन उभी राही, परत आत येई. चष्मेवाली बाई नळ्या आवरायला लागली, तेव्हा सातुर्निनानं तिचा हातच धरला. "थांब गं माझी माय, पाच मिनिटं थांब."

आणि क्रिसांतो आला. मागे त्याच्या प्रार्थनामंडळातली, दारूला न शिवणारी माणसं, कुणाच्या शर्टावर चुना, कुणी दुकान बंद करून आलेली. सातऐवजी नऊ.

"ती कधीपासून आहे इथं?" त्यानं विचारलं.

"तीन आठवडे."

"आणि मी बसनं अर्ध्या तासावर राहतो, आई."

बाजारभर चालणारं तोंड तिनं ओंजळीत लपवलं.

"दारू?" चष्मेवालीनं त्याला विचारलं.

"सहा वर्षांत नाही." आणि सातुर्निनाला, देवाशपथ, त्या उत्तराचा अभिमान वाटला.

नवांतल्या दोघांना बाईनं परत पाठवलं. एकाला खोकला होता, दुसऱ्याचं रक्तच कमी भरलं. उरले बरोबर सात. क्रिसांतो खुर्चीतून उठला तो पांढराफटक. बाई म्हणाली, "आधी याला रस पाजा."

पेला सातुर्निनानं उचलला आणि तिचा हात मधेच थांबला. त्याच अंगणातल्यासारखा, त्याच्या तोंडासमोर.

"संत्र्याचा रस आहे रे. दुसरं काही नाही त्यात. घेशील माझ्या हातचा?"

त्यानं एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग तिच्या डोळ्यांत बघत तिसरा.

"झाले तीन," तो म्हणाला. "उरलेला तू पी. सकाळपासून पोटात काही नसेल. मग मला लिदूकडे ने."