प्रश्न क्रमांक सदतीस आणि दोन छापखाने

“प्रज्ञा मॅडम, तुमच्या नांदेडच्या पोरांनी सामूहिक कॉपी केली काय?”

मी वर्गातून बाहेर येऊन फोन घेतला होता. पलीकडे माधव सर होते, आमच्या स्पर्धा परीक्षा क्लासचे संचालक. क्लासच्या दोन शाखा आहेत. मुख्य शाखा लातूरला, धाकटी नांदेडला. मी नांदेडला इतिहास शिकवते.

“काय झालं सर?”

“प्रश्न सदतीस. तुमच्याकडच्या जवळजवळ सगळ्यांनी दोन नंबरचा गोल रंगवलाय. लातूरच्या सगळ्यांनी एक नंबरचा. आन्सर कीमध्ये एक आहे. काय करून राहिले तुम्ही लोक तिकडं?”

आन्सर की म्हणजे उत्तरांची अधिकृत यादी. मुलं गोल रंगवतात, मशीन त्या यादीशी ताडून मार्क देतं. मशीनची समजूत घालता येत नाही.

“प्रश्न वाचा सर.”

“शीतयुद्धाच्या सुरुवातीस प्रामुख्याने जबाबदार घटना कोणती. पर्याय एक, पूर्व युरोपात सोव्हिएत रशियाने स्वतःच्या कलाने बसवलेली सरकारे. पर्याय दोन, अमेरिकेने वापरलेला अणुबॉम्ब आणि त्यानंतरचे दबावाचे राजकारण. तीन आणि चार सोडून द्या.”

“कॉपी नाही सर,” मी म्हणाले. “माझ्या नोट्समध्ये दोनच आहे. पोरं बरोबर आहेत. तुमची की चूक आहे.”

माधव सर गणिताचे. त्यांच्या विषयात असा वाद होत नाही.

“की मुकुंद सरांनी काढलीय,” ते म्हणाले. मुकुंद सर म्हणजे लातूर शाखेचे इतिहासाचे शिक्षक. “चूक आहे म्हणता तर हरकतीचा फॉर्म भरा. परवा अकराला लातूरला या. संदर्भ घेऊन या.”

ही परीक्षा साधी नव्हती. दोन्ही शाखांच्या या एकत्र परीक्षेत पहिल्या येणाऱ्या एकाच विद्यार्थ्याला लातूरच्या निवासी बॅचमध्ये बिनफीची जागा मिळते. राहणं, जेवण, अभ्यासिका, सगळं. यंदा लातूरचा ओंकार पहिला आला होता. माझी विद्यार्थिनी रुखसार दुसरी, एका मार्काने मागे.

आता हिशेब समजून घ्या. आमच्याकडे चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात. सदतीसला ओंकारला एक मार्क मिळाला होता, रुखसारचा पाव कापला गेला होता. की बदलली तर रुखसार पुढे. प्रश्न नुसता रद्द झाला तरी ओंकारचा एक मार्क जाणार, रुखसारचा पाव परत येणार, आणि ती पाव मार्काने पहिली. तिचं पुढचं वर्ष त्या एका गोलावर अडकलं होतं. आणि तो गोल तिने माझ्या सांगण्यावरून रंगवला होता.

मला मात्र काळजी वाटत नव्हती. मला राग आला होता.

माझे बाबा नांदेडच्या बंद पडलेल्या गिरणीत कामगार होते, युनियनचे कार्यकर्ते. अक्षरओळख मला शाळेत झाली, वाचायला मात्र मी पत्रकांवर शिकले. गेटसभेचं पत्रक, मे दिनाचं पत्रक, संपाचं पत्रक. घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात गुळगुळीत कागदाच्या मराठी पुस्तिका आहेत, जगात कोण कोणाला लुटतं ते सांगणाऱ्या. शीतयुद्धाच्या माझ्या नोट्स त्या पेटीतून निघाल्या होत्या. नोट्स चांगल्या आहेत असं मुलं म्हणायची. चांगल्या म्हणजे ठाम. कोण चूक, कोण बरोबर, पहिल्याच ओळीत.

मी दोन पुस्तिका पिशवीत टाकल्या आणि ठरल्या दिवशी सकाळी लातूरची बस धरली.

बस लोह्याला थांबली तेव्हा खिडकीखाली रुखसारचे अब्बा उभे होते. बसस्टँडसमोर त्यांचं शिलाईचं दुकान आहे. गळ्यात टेप तसाच. रुखसारने त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

“मॅडम, लातूरला चालल्या जी?”

“हाव चाचा. रुखसारच्या कामालाच.”

“तिला शाळेच्या ऑफिसात लावायचं ठरून राहिलंय. शिपाई न्हाई, क्लार्कच्या हाताखाली. एक तारखेपासून या म्हणलेत. सीट लागली तर मी त्यांना न्हाई म्हणून सांगतो.”

“लागेल सीट.”

ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. कंडक्टरने घंटी मारली.

“एक ऐका मॅडम. तिच्या हक्काचं असंल तर आणा. मेहेरबानी करून आणू नका. मेहेरबानीचा कपडा अंगाला बसत न्हाई.”

“हक्काचंच आहे,” मी ओरडून सांगितलं. बस हलली होती.

क्लासच्या ऑफिसबाहेर रस्त्याच्या वळणावरच फ्लेक्स दिसला. ओंकारचा फोटो, शाल, हार, वर ‘एकत्र परीक्षेत प्रथम’. लातुरात निकाल लागायच्या आधी फ्लेक्सची ऑर्डर जाते, नाव तेवढं नंतर भरतात. माझा राग आणखी वाढला.

आत माधव सर आणि मुकुंद सर बसले होते. मुकुंद सर सत्तरीचे, कॉलेजातून निवृत्त झालेले. लातूरच्या दोन पिढ्यांना त्यांनी इतिहास शिकवलाय. शर्टाच्या खिशात कायम दोन पेन.

“या, क्रांतिकारक आल्या,” मुकुंद सर म्हणाले.

“आले सर. की दुरुस्त करायला.”

“आधी फॉर्म भरा,” माधव सर म्हणाले. “भांडण फॉर्म भरल्यावर.”

फॉर्म साधा असतो. प्रश्न क्रमांक. तुमच्या मते योग्य उत्तर. संदर्भग्रंथ. पान. आणि शेवटचा रकाना, प्रकाशक. बाजारात कोणीही काहीही छापतं म्हणून तो रकाना माधव सरांनीच टाकला होता. मी भराभर लिहीत गेले. प्रकाशक लिहायला पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं.

ते पान मी लहानपणापासून शंभरदा उलटलं असेल. वाचलं कधीच नव्हतं. अगदी बारीक अक्षरात होतं, छपाई मॉस्को. खाली सरकारी प्रकाशनगृहाचं नाव.

पेन थांबलं. एक सेकंद मला वाटलं, रकाना मोकळा सोडावा. पण मग स्वतःचीच लाज वाटली. लपवालपवी करणाऱ्या मालकांविरुद्धची पत्रकं वाचून वाढलेली मी, आणि फॉर्ममध्ये लपवणार? मी लिहिलं, सोव्हिएत सरकार, मॉस्को. आणि फॉर्म मुकुंद सरांपुढे सरकवला.

“आता तुम्ही भरा सर. तुमच्या उत्तराला पण संदर्भ पाहिजेच की.”

“मी? मी की काढणारा आहे.”

“म्हणूनच.”

माधव सरांनी दुसरा फॉर्म काढून दिला. मुकुंद सरांनी पिशवीतून एक बांधीव खंड काढला. त्यांच्या तरुणपणी पोस्टाने फुकट येणारं मराठी मासिक, वर्षावर्षाचे अंक शिवून ठेवलेले. कागद आरशासारखा. ते प्रेमाने पान काढत होते. शेवटच्या रकान्याशी तेही थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वळणदार अक्षरात लिहिलं, अमेरिकन सरकारचे माहिती खाते.

माधव सरांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि मोठ्याने वाचले.

“संदर्भ एक. प्रकाशक, सोव्हिएत सरकार. संदर्भ दोन. प्रकाशक, अमेरिकन सरकार.” त्यांनी आमच्याकडे पाहिलं. “ज्या दोघांची मारामारी, तेच साक्षीदार? आणि माझी पोरं त्यांच्या जबानीवर मार्क मिळवून राहिलीत?”

मुकुंद सर हसले. मला हसू आलं नाही.

“आता मला एक सांगा,” माधव सर म्हणाले. “खरं उत्तर काय?”

मी उठले आणि मार्कर घेतला. फळ्यावर उभी रेघ मारली. मला येतं ते मला येतंच, पेटी बाजूला ठेवली तरी. लिहायला सुरुवात केली. १९४५, फेब्रुवारी, याल्टा. हिटलरविरुद्ध एकत्र लढणारे तिघे बसून ठरवतात की पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका होतील.

“झाल्या का?” मुकुंद सरांनी मागून विचारलं.

“नाही झाल्या. रशियाने होऊ दिल्या नाहीत. लिहिते. पण ज्या वाटेने जर्मन फौज दोनदा आली ती वाट पोलंडमधून जाते. कोट्यवधी माणसं गेली होती त्यांची. हेही लिहिते.”

“लिहा. पुढं?”

“ऑगस्ट. जपानवर दोन बॉम्ब. सोबत लढणाऱ्या रशियाला आधी विश्वासात न घेता.”

“सांगितलं होतं,” मुकुंद सर म्हणाले. “जुलैमध्ये, पॉट्सडॅमला. आमच्याकडे एक नवं मोठं हत्यार आहे म्हणून.”

“काय हत्यार ते सांगितलं का?”

“ते नाही सांगितलं.”

“मग अर्धं सांगितलं असं लिहिते.”

“लिहा. आणि रशियाच्या हेरांना उरलेलं अर्धं आधीच माहीत होतं, तेही लिहा.”

तेही लिहिलं. १९४७, ग्रीस आणि तुर्कस्तानला अमेरिकेची मदत, कम्युनिझम रोखण्यासाठी म्हणून जाहीर केलेली. त्याच वर्षी मोडलेल्या युरोपाला उभं करायची अमेरिकी योजना. ती माणुसकीही होती आणि गळही होता. रशियाने आपल्या बाजूच्या देशांना तो पैसा घेऊ दिला नाही. १९४८, चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. पश्चिम जर्मनीत नवं चलन आलं आणि त्यावरून रशियाने बर्लिनचे रस्ते अडवले. अमेरिका आणि ब्रिटनने विमानांनी पीठ आणि कोळसा पोचवला. १९४९, एकीकडे अमेरिका आणि तिच्या दोस्तांचा लष्करी करार, दुसरीकडे रशियाचा स्वतःचा अणुबॉम्ब.

फळा भरला. प्रत्येक पावलाला समोरून एक पाऊल. दोघंही म्हणणार, आम्ही फक्त उत्तर दिलं.

माधव सर उठून फळ्यापाशी आले.

“म्हणजे मोजायला कुठून सुरुवात करायची, त्यावर गुन्हेगार ठरतो,” ते म्हणाले. “पोलंडपासून मोजलं तर रशिया. बॉम्बपासून मोजलं तर अमेरिका.”

“हो सर.”

“मग याला चार पर्याय कसे देता येतील?”

“येत नाहीत,” मी म्हणाले. “प्रश्नच रद्द करावा लागेल. माझी हरकत चूक आहे. की पण चूक आहे.”

हे वाक्य बोलताना मला कमीपणा वाटला नाही. खरं सांगायचं तर, सकाळपासून पहिल्यांदा पाय जमिनीवर टेकले. माझं मत बदललं नव्हतं. आजही मला वाटतं की दोन शहरं जाळून दाखवलेली ताकद हा त्या काळातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. ते मत मी चौकात उभी राहून मांडेन. पण माझं मत म्हणजे आन्सर की नव्हे. ज्या पोरीला त्याच्यावर गोल रंगवायचा आहे तिला मी ते इतिहास म्हणून विकलं होतं.

“रद्द केला तर ओंकारची जागा जाते,” माधव सर म्हणाले. “आणि फ्लेक्स लागलाय, मॅडम.”

“बघितला मी.”

“लई मोठा आहे.”

“उतरवायला दोन माणसं पुरतील सर.”

क्लासचं नाव, लातूरच्या पालकांचे फोन, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला अब्बांचं खिडकीतलं बोलणं आठवलं. मी म्हणाले, “सर, रुखसारला मेहेरबानी नको आहे. चुकीच्या प्रश्नाचे मार्क कोणालाच नकोत, एवढंच. उरलेल्या नव्व्याण्णव प्रश्नांत जो पुढे तो पुढे. ओंकार पुढे असता तरी मी हेच म्हटलं असतं.”

“खरंच म्हटलं असतं?” मुकुंद सरांनी विचारलं.

“सकाळी नसतं म्हटलं. आत्ता म्हणते.”

मुकुंद सरांनी खिशातलं एक पेन काढलं आणि रद्दच्या कागदावर पहिली सही केली. की काढणाऱ्याची सही लागते, तिच्याशिवाय प्रश्न रद्द होत नाही. मग म्हणाले, “पन्नास वर्षं मी तेच मासिक वाचून शिकवलं. कागद इतका छान होता की शंका घ्यायचं सुचलंच नाही.”

“माझापण कागद छान होता सर.”

माधव सरांनी सही केली, पण एक अट घालून. दोन्ही शाखांच्या नोट्स मागे घ्यायच्या आणि का घेतल्या ते दोघांनी आपापल्या वर्गात उभं राहून सांगायचं.

जाण्याआधी ओंकार भेटला. मी त्याला फळ्यापुढे नेऊन सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “पण मॅडम, मी तर सरांनी शिकवलं तेच लिहिलं ना?” ते खरं होतं. त्याला पटलं नाही, आणि मी पटवायचा हट्ट धरला नाही. त्याचं नुकसान आम्ही दोघा शिक्षकांनी केलं होतं.

घरी आल्यावर बाबांना पुस्तिकेचं शेवटचं पान दाखवलं. ते हसले. “माय, ते काय उगाच छापून पाठवत होते? आम्हाला माहीत होतं की.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू कधी विचारलंस?”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि नोट्स परत मागितल्या. का ते सांगितलं, दोन्ही छापखान्यांसकट. पहिल्या बाकावरून रुखसारने हात वर केला. तिला सीट लागल्याचं कळलं होतं, आनंदाने रडून डोळे अजून लालच होते, पण तिने त्याबद्दल काही विचारलं नाही.

“मॅडम, तुम्हाला नक्की माहीत नव्हतं, तर एवढ्या जोरात का सांगितलं?”

मी उत्तर दिलं, “कारण मला ते खरं वाटत होतं.” मग पुढे म्हणाले, “पुढच्या वेळी मी जोरात बोलले की आधी विचार, हे कोणी छापलंय.”

एक तारखेला ती शाळेच्या ऑफिसात गेली नाही. लातूरच्या बॅचला गेली. चार दिवसांनी मुकुंद सरांचा फोन आला.

“प्रज्ञा मॅडम, तुमची ती लोह्याची पोरगी.”

“काय झालं सर?”

“मी नवीन नोट्स वाटल्या. रात्रंदिवस बसून केल्यात, चार-पाच पुस्तकं समोर ठेवून. पहिलं पान वाचायच्या आधीच तिने शेवटचं उलटलं, आणि उभी राहून विचारलं, सर, हे कोणी छापलंय?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय सांगणार,” ते म्हणाले. “म्हटलं, समोरच्या झेरॉक्सवाल्यानं. सगळा वर्ग हसला. ती न्हाई हसली. उद्या पुस्तकांची यादी घेऊन बोलावलंय तिनं मला.”