माझा राग आलाय?

माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास आला की राजारामपुरीतलं माझं जुनं क्लिनिक आठवतं. कळंब्याहून येणाऱ्या एक बाई एके दिवशी बोलता बोलता मधेच उठल्या, "न्हाय यायची मी आता." मनोविश्लेषण शिकताना मला अशा वेळी गप्प राहायला शिकवलेलं, पण नुकतंच वाचलेलं संशोधन सांगत होतं, पेशंटला आपला राग आलाय का ते सरळ विचारावं, म्हणजे उपचार तुटत नाही. मी घाबरतच विचारलं. "व्हय, आलाय की! मला रडू येतंय आन् तुमी नुसतं बघत बसताय!" "बरोबर हाय तुमचं," मी म्हणालो. त्या परत बसल्या, माठातलं पाणी गटागटा प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे माज्या बापाला बोलायचं ऱ्हाऊनच गेलं." आता केस पिकले, तरी मी गप्पच बसतो, फक्त आधी राग विचारून घेतो.